वर्गातील तंत्रविज्ञान : भावी शिक्षकाशी बोलताना

(अध्यापक विद्यालयाच्या विद्यार्थ्यांपुढे केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलताना हाती केवळ टिपणे होती. स्मरणिकेच्या वाचकांसाठी ती येथे विस्ताराने लिहून काढली आहेत.)



'भावी शिक्षक आणि तंत्रविज्ञान' हा विषय मला देण्यात आला, याचे कारण माझी विद्वत्ता नसून माझ्या शाळेचा पत्ता असावा, असे मला वाटते. मी माण येथे शिकवितो. मुळशी तालुक्यातील हे गाव एके काळी भातखाचरांचे होते. आज हिंजवडीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कचा तिसरा टप्पा याच गावच्या शिवारात उभा आहे, आणि शिवाजीनगरकडे जाणाऱ्या मेट्रोचे एक टोकही माणलाच आहे. एवढ्या संगणकांच्या शेजारी राहणाऱ्या मास्तराला यंत्रांतले काही कळतच असेल, असे संयोजकांना वाटले असल्यास त्यांचा दोष नाही.

परंतु खरी गोष्ट अशी की, त्या काचेच्या इमारतींत बसून संगणक चालविणाऱ्यांची मुले माझ्या वर्गात नाहीत. माझ्या वर्गात आहेत ती त्या इमारती बांधणाऱ्यांची, तेथे रात्रपाळीला पहारा करणाऱ्यांची, कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटणाऱ्यांची आणि रिक्षा-टेम्पो चालविणाऱ्यांची मुले. कोणी लातूर-नांदेडकडचे, कोणी विजापूरकडचे, कोणी थेट बिहारचे. घरी एक भाषा, गल्लीत दुसरी आणि पुस्तकात तिसरी. यंत्र वर्गात आणावे की न आणावे, हा प्रश्न माझ्यापुढे अशा मुलांच्या तोंडाकडे पाहात उभा राहिला. म्हणून मी आज जे बोलणार आहे ते यंत्रांविषयी थोडे आणि त्या मुलांविषयी अधिक असेल. आपण सांभाळून घ्यावे.

मी स्वतः बी. एड. ला असताना आम्हाला 'शैक्षणिक तंत्रविज्ञान' हा विषय होता. त्यात मी एक निबंध लिहिला होता. परवा जुनी कागदपत्रे चाळताना तो सापडला. 'भावी शिक्षक हा ज्ञानाचा दाता न राहता सुलभक होईल', 'यंत्रामुळे प्रत्येक विद्यार्थी आपापल्या गतीने शिकेल', अशी वाक्ये त्यात ओळीने उभी आहेत. प्राध्यापकांनी चांगले गुण दिले होते. त्या निबंधात एकाही मुलाचे वर्णन नाही, ही गोष्ट तेव्हा त्यांच्याही ध्यानात आली नाही आणि माझ्याही.

त्याच निबंधात मी एडगर डेल यांचा 'अनुभवाचा शंकू' काढला होता. आपणही तो काढला असेलच. शंकूच्या कडेला टक्केवारी लिहिली होती : वाचलेले दहा टक्के लक्षात राहते, ऐकलेले वीस टक्के, पाहिलेले तीस टक्के आणि असेच पुढे. गाईडमध्ये तसे छापले होते म्हणून आम्ही सर्वांनी तसेच लिहिले. पुढे कळले की डेल यांनी १९४६ साली हा शंकू मांडला तेव्हा त्यात एकही टक्का नव्हता. ते आकडे मागाहून कोणीतरी चिकटविले आणि जगभर फिरले. चित्र पाहिले की मूल शिकलेच, अशी आपली जी भाबडी समजूत होते तिच्या मुळाशी हे आकडे आहेत, म्हणून एवढा उल्लेख केला. परीक्षेत कोणी हा प्रश्न विचारला तर शंकू काढा, टक्के काढू नका. एखादा गुण गेला तर जाऊ द्या.

वर्गात यंत्र आणण्याची कल्पना मोबाईलबरोबर जन्मली असे आपणांस वाटत असेल, तर ते खरे नव्हे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असे एक वर्ष आपल्या देशात उपग्रहाद्वारे दूरचित्रवाणी शिक्षणाचा एक मोठा प्रयोग झाला. सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत संच बसविण्यात आले. आपले राज्य त्यात नव्हते. सकाळी शाळेतील मुलांसाठी कार्यक्रम आणि सायंकाळी मोठ्यांसाठी. उपग्रह अमेरिकेचा होता आणि वर्षाच्या बोलीने मिळालेला होता. वर्ष संपले, उपग्रह गेला. ज्या खेड्यात वर्षभर मुले रोज सकाळी पडद्यापुढे बसली, तेथे दुसऱ्या दिवशी सकाळी काय झाले असेल, याचा विचार मी पुष्कळदा करतो.

आपल्या महाराष्ट्राने १९८४ साली पुण्यात 'बालचित्रवाणी' सुरू केली. मुलांसाठी मराठीत शैक्षणिक कार्यक्रम करणारी ही सरकारी संस्था. माझ्या पिढीने तिचे कार्यक्रम दूरदर्शनवर पाहिलेले आहेत. मी ज्या प्राथमिक शाळेत शिकलो तेथे लाकडी पेटीत बंद केलेला टीव्ही होता. पेटीला कुलूप होते आणि कुलपाची किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात. कार्यक्रमाच्या वेळी कधी वीज नसे, कधी मुख्याध्यापक तालुक्याला गेलेले असत. चार वर्षांत तो टीव्ही मी चालू अवस्थेत किती वेळा पाहिला हे बोटांवर मोजता येईल. परंतु जो एक कार्यक्रम पाहिला, कागदाचे भिरभिरे करून वारा समजावून देणारा, तो आजही आठवतो. भिरभिरे आम्ही त्याच दुपारी केले होते, म्हणूनही आठवत असेल.

२०१७ साली बालचित्रवाणी बंद झाली. मला त्याचे वाईट वाटते, कारण तेथे मराठी मुलांसाठी मराठीत विचार करून काही घडत होते. आज मुलांच्या हातात पडदा आहे, पण त्या पडद्यावर त्यांच्या भाषेत, त्यांच्या इयत्तेला साजेसे काही शोधावयाचे तर शिक्षकालाच रात्री बसून उपसा करावा लागतो. तरीही त्या संस्थेच्या आठवणीबरोबर मला ती किल्लीही आठवते. यंत्र शाळेत आले एवढे पुरत नाही. त्याची किल्ली कोणाच्या खिशात आहे, हा खरा प्रश्न. हा प्रश्न मला फार उशिरा सुचला, आणि कसा सुचला ते आता सांगतो. यात माझीच चूक आहे, तेव्हा ती लपविण्यात अर्थ नाही.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. माझ्याकडे सहावीचा वर्ग होता, बावन्न मुले. राज्यात 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' असा उपक्रम सुरू झाला, आणि मीही उत्साहाने कामाला लागलो. घरातील भिंतीवर काळा कागद चिकटवून फळा केला, पुस्तकांच्या थप्पीवर मोबाईल ठेवला आणि रोज एक पाठ चित्रित करून पालकांच्या गटावर पाठवू लागलो. संगणकावर चित्रे जोडायला शिकलो, मागे संगीत घालायलाही शिकलो. (संगीताची काहीच गरज नव्हती.) पुढे या कामाबद्दल मला एक प्रमाणपत्रही मिळाले. ते मी चौकट करून भिंतीवर लावले.

गटावर चोवीस पालक होते. उरलेल्या अठ्ठावीस मुलांचे काय, हा प्रश्न मनात येई, पण 'त्यांच्याकडे फोन नाही, आपण काय करणार?' असे उत्तर मी स्वतःला देऊन टाकी. चोवीसांतही सर्व पाहात होते असे नाही. एका मुलाचे वडील सुरक्षारक्षक. फोन त्यांच्याबरोबर रात्रपाळीला जाई आणि दिवसा तो त्यांच्या उशाखाली असे. एका घरी तीन भावंडांत एक फोन होता आणि त्यावर पहिला हक्क दहावीतल्या दादाचा, दुसरा मधल्या भावाचा. मुलगी तिसरी. त्या वर्षीच्या 'असर' पाहणीचे आकडे मी नंतर वाचले. ग्रामीण भागात शाळेत जाणाऱ्या मुलांच्या घरी स्मार्टफोन असण्याचे प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होते, ते २०२० मध्ये ६१.८ टक्क्यांवर गेले. फोन इतके वाढले आणि तरीही पाहणीच्या आठवड्यात शाळेकडून काही अभ्याससाहित्य मिळालेली मुले साधारण एकतृतीयांशच भरली. घरात फोन असणे आणि तो मुलाच्या हातात असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या पाहणीपेक्षा माझ्या वर्गानेच मला शिकवावयास हवे होते.

४ ऑक्टोबर २०२१ रोजी शाळा पुन्हा उघडल्या. मुले आता आठवीच्या उंबरठ्यावरची दिसत होती, उंच झालेली. मी प्रत्येकाला एक परिच्छेद वाचावयास दिला. काही जण अडखळले, काहींनी पुस्तक नुसते धरून ठेवले. चौघे तर आलेच नव्हते. गावी गेले ते परतलेच नाहीत. आणि मग गटावर कधीही नसलेली एक मुलगी उठली आणि घडाघडा वाचू लागली.

मी चकित झालो. तिने पिशवीतून वही काढून दिली. दोनशे पानांची वही, दोन्ही बाजूंनी भरलेली. तिच्या घरी बटणांचा साधा फोन होता. रोज सायंकाळी ती मैत्रिणीला मिस्ड कॉल देई. मैत्रिणीच्या घरी स्मार्टफोन. ती माझा पाठ पाही आणि मग फोन लावून हिला तोंडी सांगे. प्रश्न, उत्तरे, गणितातील आकडेसुद्धा. ही लिहून घेई. भूमितीच्या आकृत्या तिने शब्दांवरून काढल्या होत्या. 'उभी रेघ, तिच्या पायाशी आडवी, दोन टोके जोड' अशा सूचना समासात लिहिलेल्या होत्या आणि त्यांच्याशेजारी अगदी बरोबर काटकोन त्रिकोण.

वाचकहो, ती वही पाहून मला आनंद झाला असे लिहिले तर ते अर्धसत्य होईल. मला लाज वाटली. त्या अठ्ठावीस घरांपैकी कितीतरी घरांत साधा फोन होता. मी रोज पाच-सहा घरी फोन करून दहा-दहा मिनिटे बोललो असतो, तर आठवड्यात सर्वांपर्यंत पोहोचलो असतो. ते यंत्र माझ्याही हातात होते आणि त्यांच्याही. पण त्यावर चित्र दिसत नव्हते, म्हणून ते यंत्र आहे असे मला वाटलेच नाही. जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका मुलांसाठी लागत होती. वस्तीवरच्या किराणा दुकानातील टीव्हीपुढे काही मुले ती पाहात असत, हेही मला पुढे मुलांकडूनच कळले. मी तेव्हा माझ्या पाठाला संगीत जोडत होतो. घरी येऊन प्रमाणपत्राची चौकट काढून ठेवली. त्या जागी भिंतीवर फिकट चौकोन अजून आहे.

तेव्हापासून कोणतेही नवे साधन आले की मी आधी हजेरीपट उघडतो. हे साधन यातील कोणाच्या हाती पडेल आणि कोण बाजूला राहील? बाजूला राहणारा जो असेल त्याच्यापासून विचार सुरू करतो. भावी शिक्षकांना माझे सांगणे एवढेच आहे, बाकी सारी उदाहरणे.

पहिले उदाहरण सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे. तेथील जिल्हा परिषद शाळेत २००९ साली रुजू झालेले रणजितसिंह डिसले गुरुजी आपणां सर्वांना ठाऊक आहेत. अभियांत्रिकीचे शिक्षण अर्धवट सोडून ते अध्यापनाकडे वळले. डिसेंबर २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, दहा लाख डॉलरचा, आणि त्यातील अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. वर्तमानपत्रांनी या औदार्याचे कौतुक केले ते योग्यच. मला मात्र त्यांच्या कामातील एक बारीक गोष्ट फार मोलाची वाटते. त्यांनी क्यूआर कोड पाठ्यपुस्तकाच्या पानावर आणला. पुढे राज्याच्या पुस्तकांतही असे कोड आले. आता पाहा : ज्याच्या घरी फोन आहे तो कोडावर फोन धरून कविता ऐकेल, चित्रफीत पाहील. ज्याच्याकडे फोन नाही, त्याच्या हातात तेच पुस्तक आहे, तोच धडा आहे. यंत्र पुस्तकाच्या जागी आले नाही, पुस्तकाच्या कोपऱ्यात बसले. फोन नसणाऱ्याचे पुस्तक काही कोणी काढून घेतले नाही. हे मला २०२० साली सुचले असते तर!

दुसरे उदाहरण आपल्या औद्योगिक पट्ट्याला अधिक जवळचे. अरविंद गुप्ता हे आय.आय.टी. कानपूरचे अभियंते, नोकरीला टेल्कोत होते, म्हणजे ट्रक बनविणाऱ्या कारखान्यात. १९७८ साली रजा घेऊन ते मध्य प्रदेशातील होशंगाबादच्या विज्ञानशिक्षण उपक्रमात गेले. तेथे त्यांना सापडली ती सायकलच्या व्हॉल्व्हमधील बारीक रबरी नळी आणि काडेपेटीतील काड्या. नळीचे तुकडे सांध्याला, काड्या बाजूंना, आणि भूमितीच्या आकृत्या तयार. पुढे पुण्याच्या 'आयुका'तील मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी टाकाऊ वस्तूंची अशी कितीतरी खेळणी केली, आणि ती करण्याची रीत चित्रफितींतून जगापुढे विनामूल्य ठेवली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

मी हा प्रयोग वर्गात केला. दोन रुपयांच्या नळीत आठ मुलांचे काम होते. चौकोन करून दाबला की तो वाकडा होतो, तिरपा होतो. त्रिकोण मात्र काही केल्या हलत नाही. मुले चौकोन दाबून हसत होती. इतक्यात मागच्या बाकावरचा, एरवी तोंड न उघडणारा एक मुलगा खिडकीकडे बोट करून म्हणाला, "सर, क्रेनच्या हाताला पण त्रिकोणच आहेत." आमच्या खिडकीतून बांधकामाचे उंच क्रेन दिसतात. त्याचे वडील अशाच एका क्रेनखाली काम करतात. सारा वर्ग खिडकीशी गेला. त्या तासाला जे शिकवावयाचे होते ते त्यानेच शिकविले. मी चित्रफीत रात्री घरी पाहिली होती. वर्गात दाखविली असती तर मुलांनी क्रेन पाहिला नसता, असे माझे मत आहे. मतच म्हणतो, सिद्ध करता येणार नाही.

याचा अर्थ मी यंत्राचा वैरी आहे असा कृपया करू नका. धडधडणारे हृदय फळ्यावर दाखविता येत नाही. ज्या मुलीच्या घरी कोणीच मराठी बोलत नाही, तिला 'ळ' आणि 'ण' पुन्हा पुन्हा ऐकावयाचे असतील, तर माझ्यापेक्षा ध्वनिमुद्रण अधिक सोशिक आहे. ते चिडत नाही. मागील वर्षी मुलांनी माझ्या फोनवर गावातील वृद्धांच्या आठवणी ध्वनिमुद्रित केल्या : कोणते खाचर कोठे होते, पाणी कोठून येई, आता तेथे कोणती इमारत आहे. मग ऐकून ऐकून त्या मराठीत लिहून काढल्या. एका आजोबांनी 'अडीचकी' असा शब्द वापरला. मला तो कळला नाही, वर्गातील स्थानिक मुलाने समजावून दिला. फोन एकच होता, पण तो फिरता होता. प्रत्येकाच्या हातात तो दहा मिनिटे होता. किल्ली सर्वांच्या खिशात, असे म्हणा हवे तर.

आता नवे यंत्र आले आहे. प्रश्न टाकावा आणि उत्तर, निबंध, कविता, जे मागाल ते लिहून मिळावे. याने शिक्षक संपणार, असे कोणी म्हणतात. 'माझे गाव' या निबंधाच्या पाच वह्या माझ्याकडे सारख्याच आल्या. पाचही गावांतून झुळझुळ वाहणारी नदी होती, पाचही गावांत पाखरांचा किलबिलाट होता. मी रागावलो नाही. पाचही जणांना निबंध मोठ्याने वाचावयास लावले आणि मग खिडकीतून ती नदी दाखवा म्हटले. दिसला डंपर. वर्गात हशा पिकला. त्यांनी दुसऱ्यांदा लिहिले तेव्हा धूळ आली, पाण्याचा टँकर आला, बाराव्या मजल्यावर लटकणारा बाप आला. न्यायाने बोलावयाचे तर ती झुळझुळ नदी आमच्या वेळीही होती. तेव्हा ती गाईडमधून वाहत असे.

परदेशांतही विचार पालटत आहे. युनेस्कोने २०२३ च्या आपल्या शिक्षणविषयक अहवालात विचारले आहे, की शाळेतील हे साधन कोणाच्या अटींवर वापरले जात आहे? त्याच वर्षी स्वीडनने, ज्या देशाने शाळांत पडदे भरभरून आणले होते, छापील पाठ्यपुस्तकांसाठी पुन्हा पैसा देण्यास आरंभ केला. त्यांचे पाहून आपण लगेच पडदे फोडावेत असे नाही. त्यांच्याकडे प्रत्येक मुलाला पडदा मिळून झाला होता. आपल्याकडे अजून उशाखालच्या फोनची वाट पाहणारी मुले आहेत.

आमच्या शाळेतही आता स्मार्ट बोर्ड आला आहे. तो वेगळ्या खोलीत आहे, दाराशी चपला काढाव्या लागतात आणि दाराला कुलूप आहे. किल्लीसाठी मी मागणी केली; ती आता शिक्षकांच्या खोलीत खिळ्यावर टांगलेली असते. एवढे साधावयास दोन सत्रे गेली. तेव्हा आपण नोकरीला लागाल तेथे पहिल्या आठवड्यात यंत्र कोणते आहे हे विचारू नका, किल्ली कोठे आहे हे विचारा.

भाषणानंतर एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, तुमचा पाठ पाहावयास यायचे असेल तर कोणत्या दिवशी येऊ?" मी म्हटले, गुरुवारी या. आमच्या या साऱ्या पट्ट्यात दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवतात ती बहुधा गुरुवारीच. येताना सायकलच्या दुकानातून व्हॉल्व्हची नळी मात्र घेऊन या. आमच्याकडची संपत आली आहे.